तुझ्या नावापुढची हिरवी खूण

प्रिय तुर्सुनाय,

तू फोन बंद करून ठेवला आहेस, ते बरंच केलंस. म्हणून हे पत्र कोचकोरला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. सोबतच्या पिशवीत चहा आहे, साखर आहे आणि तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. गोळी खाणं झाल्यावर घ्यायची. तू नेहमी आधी घेतेस आणि मग चक्कर येते म्हणून ओरडतेस. तुझ्या भावजयीला पाहुण्यांपुढे काही सुचत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणजे कढईपाशी तूच उभी असणार, एका हातानं बोर्सोक तळत आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत. घरातल्या सुनांना उभं कर. ज्या भावानं तुला लहानाची मोठी केली त्याच्यासाठी तुला निदान बसून रडायला तरी मिळू दे. जापार बाइकेंनी मला दरवर्षी बटाट्याचं पोतं पाठवलं आणि दरवर्षी 'शहरातल्या बाईसाहेबांना' असा निरोप दिला. त्या निरोपाचा मला राग यायचा. आता कोण देणार तो निरोप?

इथली खबर अशी, की माझी खुर्ची जाणार. संचालकांच्या दाराबाहेर दोन खुर्च्या आहेत, एक माझी आणि एक बेगिमायची, आणि नौरुझनंतर तिथे एकच राहणार हे तर तुझ्यासमोरच ठरलं होतं. 'एका दाराला दोन बायका कशाला?' असं आपले साहेब, एमिल कुबातोविच, तोंडात समसा असताना म्हणाले होते, आणि तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला होतास, मी काही बोलू नये म्हणून. त्या मुलीबद्दल मी बोलायला लागले की तू मला बोलूच देत नाहीस. 'दामिरा, पोर चांगली आहे गं,' म्हणतेस आणि विषय बदलतेस. आज तू तिकडे आहेस, मी इकडे आहे आणि मध्ये बर्फानं भरलेली खिंड आहे. माझं बोलणं तुला तोडता येणार नाही. ऐक.

मी कॉलेजातून भाषा घेऊन पास झाले तेव्हा मला शिक्षिका व्हायचं होतं, हे तुला माहीत आहे. पाटबंधारे संस्थेत मी टंकलेखिका म्हणून आले ती चार दिवसांसाठी, आणि त्या दाराशीच म्हातारी झाले. पण त्या दाराचं काम मी नीट केलं. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाला बाहेर बसवून चहाच पाजायचा, कुणाला जेवणाआधी आत सोडायचं आणि कुणाला साहेबांचं पोट भरल्यावर, हे माझ्या डोक्यात असायचं. टेबलावर डायरी होती, पण ती लोकांना दाखवायला. वरच्या गावचा कालवेवाला आणि खालच्या गावचा कालवेवाला एकाच दिवशी आले तर एकाला मी जिन्यानं वर घ्यायची आणि दुसऱ्याला मागच्या दारानं खाली सोडायची. त्यांच्या वडिलांच्या काळापासून पाण्यावरून फावडी उगारलेली होती. आता ते सगळं काम कॅलेंडर करतं. भिंतीवर एक पडदा लावलाय, प्रत्येकाच्या फोनमध्ये तेच दिसतं, आणि लोक मला विचारण्याऐवजी पडद्याकडे बघतात. पलीकडून येतात, बेगिमायला 'नमस्कार' म्हणतात आणि माझ्या टेबलावर ओले हातमोजे ठेवतात.

सुरुवातीला ती मला समजवायला आली होती. 'दामिरा एजे, हे कॅलेंडर तुमचंसुद्धा आहे. हे बघा, प्रत्येकाला वेगळा रंग दिलाय. साहेब निळे, हिशेब खातं नारिंगी, आणि तुम्ही या इथे.' मी चष्मा लावून बघितलं. मला राखाडी रंग दिला होता. मी म्हटलं, 'मी कुठल्या रंगात असावं हे तू ठरवणार?' ती लाल झाली. 'बदलते ना एजे, कोणता हवा?' मी म्हटलं, 'राहू दे. गेलं आयुष्य त्यात, आता काय बदलायचं.' तू त्या वेळी हसलीस. तू हसलीस आणि तिच्याकडे बघून हसलीस, माझ्याकडे बघून नाही. हे मी तुला तेव्हा बोलले नाही. आज बोलते आहे.

कालवेवाल्यांचं तर तुला कळलंच असेल. दोघांनी कॅलेंडरवर एकाच दुपारी वेळ मागितली, मधे जागा रिकामी दिसली, आणि कॅलेंडरनं दोघांना लागून लागून बसवलं. कॅलेंडरला वेळ कळते, वैर कुठून कळणार? दोघं माझ्या टेबलासमोर उभे राहून एकमेकांच्या आज्यांचा उद्धार करत होते. मी मुद्दाम उठले नाही. म्हटलं, बघू दे आता साहेबांना. साहेब बाहेर आले, दोघांच्या खांद्यावर हात टाकले, 'चला, आलाच आहात तर एकदाच मिटवून टाकू' म्हणाले, आणि खरोखर निम्मं मिटलं. बेगिमायला त्यांनी वर शाबासकी दिली. तू त्या संध्याकाळी मला विचारलंस, 'एवढी गप्प का?' आणि मी सांगितलं, दात दुखतोय.

पण खरं सांगू का, साहेबांचं मला इतकं लागलं नसतं. साहेब बदलत असतात. मी चार साहेब पाहिले, प्रत्येकाला वाटायचं कालव्याचा शोध आपणच लावला. मला लागलं ते तुझ्या खोलीतल्या जेवणाचं. आपण दोघीच जेवायचो, खिडकीच्या कट्ट्यावर, इतकी वर्षं. पानगळ सुरू झाली तशी तू तिलाही बोलवायला लागलीस. 'बिचारी बाहेर एकटी ब्रेड खाते' म्हणालीस. ठीक आहे. मग एके दिवशी तू तंदूरमधल्या समशाचा करपलेल्या कडेचा तुकडा तिच्या पियाल्याशेजारी ठेवलास. तो तुकडा माझा असतो. तू विसरलीस असं मी धरून चालले. मग तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरचं. तुझ्या तारखा मी लक्षात ठेवायची, आदल्या दिवशी तुला सांगायची, सकाळी पुन्हा सांगायची, आणि तू 'अगं हो गं बाई, कळलं' म्हणून वैतागायचीस. ते वैतागणंही मला चालायचं. बेगिमायनं त्या तारखा तुझ्या फोनच्या कॅलेंडरवर घातल्या. आता तुझा फोन टुणकन वाजतो आणि तू त्याला काही वैतागून बोलत नाहीस. मला सांगितलंससुद्धा नाहीस, की दामिरा, यापुढे तू लक्षात ठेवायची गरज नाही. मी आदल्या दिवशी सांगायला आले तेव्हा तू म्हणालीस, 'हो, आलं ना मला.' काय आलं? कुठून आलं? मी परत जाऊन खुर्चीवर बसले आणि उगाच पेन्सिलींना टोक करत राहिले.

हे सगळं डोक्यात होतं, तेव्हाच तो दिवस आला.

तू सकाळीच करकचेरीत वार्षिक हिशेब द्यायला गेली होतीस. साध्या फोनवर घंटी वाजली आणि मीच उचलला. तुझा भाचा होता. 'दामिरा एजे, काका गेले. सकाळी घोडा बाहेर काढला आणि अंगणातच बसले ते उठले नाहीत. आत्याला कळू देऊ नका. तुम्हीच सगळं करा.' तुम्हीच करा, म्हणाला. आणि खरंच, ते माझ्यावर आहेच. आपल्याकडे माणूस मेल्याची बातमी रस्त्यात फेकत नाहीत. आधी माणसं जमवायची, बोलणारा म्हातारा आणायचा, दोन्ही बाजूंना बायका बसवायच्या, पाणी, औषधाचे थेंब, काळा रुमाल तयार ठेवायचा, मग काहीतरी निमित्त काढून तिला बोलवायचं आणि सगळ्यांच्या कुशीत बसवून ऐकवायचं. असं उगुझू नीट झालं तर माणूस कोसळलं तरी कुणाच्या तरी अंगावर कोसळतं.

हे मला तूच शिकवलंस. माझा सापार धरणाच्या कामावरच वारला तेव्हा तू माझं उगुझू केलं होतंस. मला निरोप पाठवलास, वर छोट्या सभागृहात पडदे लावायचे आहेत, उंची सांगायला ये. तो जिना चढताना मी सापारवर चिडलेली होते, कारण तो नळ दुरुस्त न करता गेला होता. आल्यावर कसं फैलावर घ्यायचं याची वाक्यं जुळवत मी चढत होते. वर दार उघडलं, तू माझं कोपर धरलंस, तुझा हात गार होता आणि मी तुला म्हटलं, 'काय हे, हात तरी शेकायचा.' पुढचं पुढे. पण त्या जिन्यावर मी अजून नवरा असलेली बाई होते. ती शेवटची चढण तू मला राखून दिली होतीस. मी कधी बोलले नाही, पण विसरलेही नाही. म्हणून तुझ्या वेळी मी ठरवलं, यात कसूर होऊ द्यायची नाही. तुझा फोन त्या कचेरीच्या गोंगाटात तुला ऐकू येत नाही हे मला माहीत, म्हणून मी तिथल्या खिडकीवरच्या आपल्या ओळखीच्या रखातला फोन लावला. म्हटलं, तुर्सुनायला सांग, दुपारी तीनला साहेबांना सही हवी आहे, तोवर ये. रखातला खरं कारण सांगितलं नाही. मग शाल घेतली आणि खोलीखोलीतून कानात सांगत जायला निघाले.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. ऐकलं, क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, माणूस वाईट नाही. पण मग म्हणाले, 'दामिरा सुलतानोव्हना, तुम्ही कानात सांगत फिरणार तर संध्याकाळ होईल, आणि कुणीतरी जिन्यात रडेल. बेगिमाय, माझ्या कॅलेंडरवर टाक. सगळे विभागप्रमुख, तीन वाजता, छोटं सभागृह.' मी शाल खांद्यावर घेऊन तशीच उभी. मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिची नजर विचारत होती, एजे, करू का? मी म्हटलं, 'सांगितलंय ना तुला. कर.' आणि कासिम अतांना आणायला गाडी पाठवली. बोलण्यात त्यांच्यासारखा जुना माणूस आता संस्थेत दुसरा नाही.

तिनं टाकलं. जसं नेहमी टाकते तसंच टाकलं. 'विभागप्रमुख' म्हणून कॅलेंडरमध्ये गट केलेला आहे, तो निवडला की सगळ्यांना एकदम निमंत्रण जातं. तिनं वर लिहिलं: जापार बाइकेंचं निधन, तुर्सुनाय एजेंना उगुझू, काळे रुमाल आणावेत. आणि हिशेब खात्याची प्रमुख कोण? तू.

मी थेंबांची बाटली शोधत होते. मागून तिचा आवाज आला, 'एजे.' एवढंच. मी तिच्या खुर्चीमागे गेले. तिनं तुझं नाव काढून टाकलं होतं, पण ते काढण्याआधीच तिथे तुझं उत्तर आलं होतं. बाकीच्यांनी अजून वाचलंही नव्हतं. सगळ्यांच्या आधी तुझं. तिनं मला आलेल्या उत्तरांत बोटानं दाखवलं: तुझं नाव, आणि पुढे हिरवी खूण. येणार. मी आधी समजलेच नाही. मग समजलं. भाऊ मेल्याचं तू फोनवर वाचलंस आणि 'येते' म्हणून कळवलंस. मिनीबसमध्ये होतीस का? उभी होतीस का? कोण होतं शेजारी? मी तुला हे कधीही विचारणार नाही. मुलगी म्हणाली, 'एजे, मी मेले.' मी म्हटलं, 'मेला तो दुसराच आहे. गप्प बस, तोंड धू आणि पाणी भरून ठेव.'

आणि तू आलीस. कागदांची फाईल छातीशी धरून आलीस, कोटावर बर्फ होतं. दारातूनच म्हणालीस, 'कुठे सही करायचीय? करकचेरीत माझा नंबर गेला तुमच्यामुळे.' इतक्या सहज म्हणालीस की क्षणभर मला वाटलं, खूण चुकून आली असेल, तुला काही माहीत नाही. मग तू फाईल माझ्या हातात दिलीस आणि तिचा पुठ्ठा तुझ्या बोटांच्या जागी चिरडलेला होता. मी तुला वर घेऊन गेले. कासिम अता बोलायला लागले. 'पोरी, डोंगरावरून उतरलेलं पाणी परत वर चढलेलं कुणी पाहिलंय? मोठमोठ्या खानांनी बांध घातले, त्यांनाही ते अडलं नाही.' म्हातारा सावकाश, वळणं घेत घेत येत होता, आणि तू ऐकत होतीस. 'काय झालं अता, कोण?' हेसुद्धा तू जिथे विचारायला हवं तिथेच विचारलंस. त्यांनी नाव घेतलं तेव्हा तू ओरडलीस. ते ओरडणं खोटं नव्हतं. ते तू मिनीबसपासून सभागृहापर्यंत दातांत धरून आणलं होतंस, योग्य जागी, योग्य माणसांत सोडायला. सगळे म्हणत होते, 'घट्ट राहा, तुर्सुनाय, घट्ट राहा.' तुझ्याइतकं घट्ट कोण राहिलं असतं?

मी तुझ्या उजव्या बाजूला उभी होते. तुझं कोपर धरायला मी हात शेकून ठेवला होता. पण खाली गाडीकडे जाताना तू माझा हात सोडलास. बेगिमाय भिंतीला टेकून उभी होती, चेहरा कागदासारखा. तू थांबलीस, तिची मान दोन्ही हातांनी जवळ ओढलीस आणि तिच्या कानात काहीतरी म्हणालीस. गाडीत बसलीस. मला काहीच म्हणाली नाहीस. त्या मुलीनं तुझ्या भावाची बातमी तुझ्या हातात रस्त्यावर कोंबली, आणि त्या अवस्थेत तू तिला जवळ घेतलंस. मी मात्र गाडीच्या दारात तुझी फाईल घेऊन उभी.

तुमची गाडी वळली आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'बघितलंत? ना कुजबुज, ना धावपळ. तासाभरात सगळे हजर आणि तिला पत्तासुद्धा नाही. याला म्हणतात व्यवस्था. शाबास, बेगिमाय.' मग माझ्याकडे वळून हळूच, 'नौरुझचं आपलं आता ठरल्यासारखंच आहे, नाही का?' तुझी मूठभर दया मला केवढ्याला पडली, बघ तुर्सुनाय. तू जर दारातच किंचाळली असतीस, 'मला हे असं का कळवलंत?' म्हणून, तर त्याच संध्याकाळी ती घरी आणि मी खुर्चीवर. मी वाईट विचार करते आहे हे मला कळतं. पण केला.

पुढचे दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून काढले. ती जेवली नाही की मला बरं वाटायचं, आणि मग तिच्यापुढे मीच चहा ठेवायची आणि मलाच माझा राग यायचा. एकदा मी तिला सरळ विचारलं, 'काय म्हणाली तुर्सुनाय तुझ्या कानात?' तिनं मान खाली घातली. 'एजे, रागावू नका. ते त्यांनी मला दिलंय.' दिलंय म्हणे! मी तुझ्या दोन्ही मुलांना पहिल्यांदा पाळण्यात निजवून गाठ बांधलेली बाई, आणि ही कालची पोर मला सांगते, तुर्सुनायनं तिला काहीतरी दिलंय, जे मला दाखवता येत नाही. मी त्या दिवशी साहेबांच्या चहात साखर घालायला विसरले. असं कधी झालेलं नाही.

मग शुक्रवारी साहेबांनी मला आत बोलावलं. 'दार लावा, दामिरा सुलतानोव्हना.' फोन माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या कॅलेंडरवरून निमंत्रण गेलं, म्हणून उत्तरंही त्यांच्याचकडे येतात. तो माणूस ती कधी उघडत नाही, आणि नेमका त्या दिवशी साफसफाईला बसला. तुझं नाव होतं, आणि पुढे 'येणार'. ते म्हणाले, 'म्हणजे तिला आधीच कळलं होतं? रस्त्यात? एकटीला? आणि ती येऊन आमच्यापुढे...' मग म्हणाले, 'कोचकोरच्या म्हाताऱ्यांना मी कोणतं तोंड दाखवू? सांगा मला. कळलं होतं का तिला? जर कळलं असेल, तर त्या मुलीनं आजच्या आज टेबल रिकामं करायचं.' तुर्सुनाय, मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं, 'ती खूण माझ्या हातून दाबली गेली.' त्यांनी फोन पुन्हा आपल्याकडे ओढला. मी म्हटलं, 'करकचेरीत जाताना ती फोन माझ्या टेबलावर ठेवून गेली होती, चार्जरला. म्हणून तर मला तिथल्या खिडकीवर फोन करून तिला बोलवावं लागलं, विचारा रखातला. नाव गटात राहून गेलं होतं. बेगिमायनं ते लगेच काढलं, पण तोवर इकडे फोन वाजला. मी घाबरले, बंद करायला गेले आणि भलतंच दाबलं.' त्यांनी केवढा सुस्कारा सोडला! 'हां, असं होय. तरी मी म्हणतो, दामिरा सुलतानोव्हना, या वस्तू तुमच्या वयाच्या माणसांसाठी नाहीत.' एक उलट प्रश्न नाही. जी बाई आजवर एका स्वल्पविरामात चुकली नाही, तिनं असा गोंधळ घातला, यावर त्यांचा तिथल्या तिथे विश्वास बसला. बाहेर येऊन त्यांनी ते हसत हसत सगळ्यांना सांगितलंही. मुलीनं तोंड उघडलं, मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं ते मिटलं. नंतर जिन्यात माझ्या गळ्यात पडायला आली. मी तिला सांगितलं, रडलीस तर थोबाडीत बसेल.

मी मोठ्या मनाची झाले असं समजू नकोस, मला ते आवडणार नाही. मला अजून ती मुलगी डोळ्यांसमोर नको वाटते, आणि नौरुझनंतर माझ्या खिडकीत ती आपलं निवडुंग ठेवेल या विचारानं माझा घास अडतो. पण तू तिला झाकलंस, तिनं तुझं म्हणणं झाकलं, आणि तुमच्या दोघींच्या त्या खोलीबाहेर मी एकटी बसलेली. आयुष्यभर दाराबाहेर बसले, त्याचं कधी काही वाटलं नाही. या दाराबाहेर मला बसवेना. तेव्हा एक खुर्ची गेली ती जाऊ दे, मीही आत आले. आता हे पत्र का लिहिलं ते वाच आणि मग पत्र चुलीत टाक. चाळिसावा दिवस उरकून तू परत येशील तेव्हा साहेब तुला विचारल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांना अजून कुठेतरी खुपतंय. तेव्हा अडखळू नकोस. फोन त्या सकाळी तू माझ्याकडे ठेवला होतास. माझ्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला, माझ्याच चार्जरला लावून. तुला वर उगुझूला नेताना मी तो तुझ्या कोटाच्या खिशात टाकला. उजव्या खिशात. मी त्यांना उजवा सांगितलाय.

तुझीच,
दामिरा